दिंडोरीच्या खोऱ्यात घरच्या द्राक्षांची रेड वाईन: पहिला निर्णय छाटणीच्या तारखेचा

मला आलेल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात वणीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, एका कुटुंबाची ५ एकर द्राक्षबाग आहे. त्यांपैकी वरच्या अंगाची २ एकर जमीन हलकी, मुरमाड आणि उताराची असून तेथे थॉमसनचे, म्हणजे खाण्याच्या द्राक्षांच्या जातीचे, उत्पादन कधीच समाधानकारक आले नाही. घरातील धाकट्या भावाला त्या २ एकरांत वाईनची द्राक्षे लावून स्वतःच्या नावाची उत्तम दर्जाची रेड वाईन करायची आहे. वडिलांना ही जोखीम नको आहे. आपल्या हवेत खरोखर चांगली रेड वाईन होऊ शकते का, आणि झाली तरी ती एका कुटुंबाला झेपेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी या भागात गेली २२ वर्षे वाईनची द्राक्षे पिकवत आहे आणि त्यांपैकी बरीच वर्षे स्वतः वाईनही करत आहे. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ही वाईन थॉमसनच्या बागेतील सवयी घेऊन होणार नाही, आणि ती वाईनरीतील यंत्रांवरही ठरणार नाही. ती सप्टेंबरमध्ये, ज्या दिवशी आपण कात्री हातात घेऊन फळछाटणी, म्हणजे घड बाहेर काढण्यासाठीची छाटणी, सुरू कराल, त्या दिवशी निम्मी ठरलेली असेल.

नाशिकला राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वाईनची द्राक्षे लावली आणि २००० साली त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन बाजारात आली. त्याही आधी, १९८० च्या दशकात, शामराव चौगुले यांनी नारायणगावला स्पार्कलिंग वाईन करून दाखवली होती. तेव्हापासून व्हाईट वाईन आपल्याकडे तुलनेने लवकर जमली, रेड वाईनला मात्र वेळ लागला. हा विलंब का झाला हे समजून घेतले, तर पुढची बहुतेक कामे आपोआप उलगडतात.

रेड वाईनमध्ये रस एकटा नसतो. साल आणि बी रसासोबत आंबवली जातात आणि रंग, सुगंध व तुरटपणा त्यांच्यातून येतो. तुरटपणा देणाऱ्या टॅनिनचे दोन प्रकार जिभेला सहज ओळखता येतात. एक कच्च्या सुपारीसारखा, जीभ आवळून धरणारा आणि घशात कडू उतरणारा; दुसरा पूर्ण पिकलेल्या जांभळासारखा, तोंड भरणारा पण मऊ. उत्तम रेड वाईनला दुसरा हवा असतो, आणि तो बी व साल पूर्ण पक्व झाल्यावाचून मिळत नाही. आपल्या हवेत अडचण अशी की साखर पुढे धावते आणि बी मागे राहते. रसातील साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर २४ ब्रिक्स (साखरेचे माप) दाखवत असतो, मणी गोड लागत असतो, आणि दाताखाली फोडलेले बी अजून हिरवे असते.

याचे मूळ ऋतूंच्या क्रमात आहे. फ्रान्समध्ये किंवा इटलीच्या डोंगराळ खोऱ्यांत वेल हिवाळाभर झोपतो, वसंतात फुटतो, आणि त्याची फळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवस थंड होत असताना पिकतात. तेथे शेवटचा महिना वाट पाहण्यासाठी असतो. थांबले तर साखर हळूहळू वाढते आणि आम्ल टिकून राहते. आपल्याकडे नेमके उलटे आहे. मण्यात पाणी उतरते, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागतो, तेव्हा थंडी असते आणि काढणी जसजशी लांबते तसतसे ऊन चढत जाते. नाशिकच्या परिसरात जानेवारीत दिवसाचे तापमान साधारण २८ ते ३० अंश व रात्रीचे १० अंशांच्या आसपास असते. मार्चमध्ये दिवसाचा पारा ३५ च्या पुढे जातो आणि रात्रीही उबदार होतात. या उष्णतेत वेल मण्यातील मॅलिक आम्ल झपाट्याने खर्च करतो, पीएच वाढतो (म्हणजे आंबटपणा घटतो), मणी सुकू लागतो, आणि वाट पाहण्याचा प्रत्येक दिवस फायद्यापेक्षा नुकसान अधिक करतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काढलेल्या शिराझला (ही रेड वाईनची एक जात) मुरांब्यासारखा वास येतो आणि तिच्यात ताजेपणा उरत नाही, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे.

असे असले तरी युरोपातील बागायतदाराला नसलेले एक स्वातंत्र्य आपल्याला आहे. आपला वेल झोपत नाही. तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (जुन्या काड्या मागे छाटण्याच्या कामानंतर) नवी काडी तयार करतो, त्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड धरतो, आणि फळछाटणी केल्याशिवाय घड बाहेर काढत नाही. म्हणजे फळे कोणत्या हवेत पिकावीत, हे आपण ठरवू शकतो. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात, सेरा दा मांतिकेरा या डोंगरभागात, सिराहच्या बागांत दुहेरी छाटणी करून पीक पावसाळी उन्हाळ्यातून कोरड्या, थंड हिवाळ्यात नेण्याचा प्रयोग या शतकाच्या सुरुवातीला झाला आणि तेथील रेड वाईनचा दर्जा त्यामुळेच बदलला. सिराह म्हणजे आपली शिराझच. आपल्या आजोबांच्या पिढीने बेदाण्यासाठी आणि खाण्याच्या द्राक्षांसाठी जी दोन छाटण्यांची पद्धत बसवली, तेच साधन रेड वाईनसाठीही सर्वांत मोलाचे आहे; फक्त तारखेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

तो हिशेब असा. फळछाटणीपासून काढणीपर्यंत शिराझला साधारण १४५ दिवस धरावेत. कॅबरने सोव्हिन्यॉं त्याहून थोडी अधिक घेते, टेम्प्रानिलो थोडी कमी. २० सप्टेंबरला छाटले तर शिराझ १२ फेब्रुवारीच्या सुमारास तयार होते. १५ ऑक्टोबरला छाटले तर तीच ९ मार्चला. या २५ दिवसांच्या फरकात फळाचे शेवटचे पाच आठवडे एका बाबतीत थंड रात्रींत जातात, तर दुसऱ्या बाबतीत तापत्या दुपारींत. दर्जाचा विचार केला तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा निःसंशय चांगला.

मग सर्व जण तेव्हाच का छाटत नाहीत, तर पावसामुळे. छाटणीनंतर साधारण ४० दिवसांनी बाग फुलोऱ्यात येते, आणि त्याआधीच्या कोवळ्या फुटीवर डाऊनी हा बुरशीरोग सर्वांत लवकर येतो. पाऊस लांबला तर सप्टेंबरची छाटणी अंगावर येते. तीन वर्षांचा माझा अनुभव सांगतो, कारण एका वर्षावरून नियम करणारे बागायतदार दुसऱ्या वर्षी फसलेले मी पाहिले आहेत. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये फयान वादळाचा पाऊस आला, तेव्हा माझ्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटलेल्या तुकड्यात नेमका फुलोरा होता. फुले गळाली, घड विरळ झाले आणि पाठोपाठ डाऊनीने उरलेले घेतले. सप्टेंबरच्या मध्यावर छाटलेल्या तुकड्यात मणी धरून झाले होते, तो बऱ्याच अंशी वाचला. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हाही लवकर छाटलेला माल टाकीत पोहोचला होता. परंतु २०१९ मध्ये पाऊस नोव्हेंबरपर्यंत हटलाच नाही, आणि त्या वर्षी सप्टेंबरच्या छाटणीचा तुकडा मी जवळजवळ पूर्ण गमावला. तेव्हापासून मी बाग तीन भागांत वाटून १८ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर या काळात आठ-आठ दिवसांच्या अंतराने छाटतो. मोठ्या कंपनीला हे मजुरांच्या टोळ्यांच्या वेळापत्रकामुळे अवघड जाते. २ एकरांच्या घरच्या बागेला ते सहज शक्य आहे. कुटुंबाच्या बागेचा खरा फायदा मला येथेच दिसतो.

आता आपल्या जमिनीविषयी. थॉमसनला न मानवलेली ती वरची २ एकरच आपली रेड वाईनची जागा आहे. खालच्या काळ्या, खोल जमिनीत वेल माजतो, शेंडा थांबत नाही, आणि मण्यात पाणी उतरल्यानंतरही वाढ सुरू राहिल्याने बी पक्व होण्याचे काम मागे पडते. मुरमाड उतारावर पाण्याचा निचरा होतो, आपण ठिबकने जेवढे द्याल तेवढेच पाणी वेलाला मिळते, आणि वाढ वेळेवर थांबवता येते. शिवाय खोऱ्यात रात्री थंड हवा उतारावरून सरकत तळाशी साचते. तळाच्या बागेत सकाळी दव आणि धुके अधिक काळ राहते, तर उतारावरची बाग लवकर कोरडी होते. भुरी (हाही बुरशीचाच रोग) आणि डाऊनीच्या फवारण्यांत याचा फरक दोन-तीन फेऱ्यांइतका पडू शकतो. उतार पूर्वेकडे असेल तर उत्तम. पश्चिमेकडे असेल तर दुपारचे ऊन घडांवर थेट येईल, तेव्हा त्या बाजूची पाने काढू नयेत. ओळी उत्तर-दक्षिण ठेवून सकाळच्या उन्हाच्या, म्हणजे पूर्वेच्या, बाजूची घडाजवळची पाने विरळ करावीत आणि पश्चिमेची सावली राखावी, एवढे पाळले तरी मणी भाजण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

खुंटाची, म्हणजे ज्याच्या मुळांवर वाईनच्या जातीचे कलम करतात त्या वेलाची, निवड मी अत्यंत महत्त्वाची मानतो, कारण ती चुकली तर वीस वर्षे भोगावी लागते. आपल्याकडे सरसकट डॉगरिज लावला जातो. क्षार आणि पाण्याचा ताण सहन करण्यासाठी तो चांगलाच आहे, पण तो जोमदार आहे आणि जमिनीतून पोटॅश भरपूर उचलतो. खाण्याच्या द्राक्षात हा दोष जाणवत नाही. रेड वाईनमध्ये मण्यातील जादा पोटॅश टार्टारिक आम्लाशी जोडला जाऊन खाली बसतो आणि पीएच ३.८ किंवा त्याहून वर जातो. या एका आकड्यामुळे पुढे वाईनरीत किती अडचणी येतात ते मी खाली सांगतो. आपल्या पाण्यात क्षार फार नसतील, तर ११० आर हा खुंट घ्यावा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे खुंटांवर दीर्घ काळ काम झालेले आहे. माती आणि पाणी या दोन्हींचे अहवाल घेऊन तेथील तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय एकही रोप विकत घेऊ नये.

जातींचा विचार करताना नावाच्या मोहात पडू नये. कॅबरने सोव्हिन्यॉं हे नाव ग्राहकाला ओळखीचे आहे, पण ती उशिरा पिकते, आणि आपल्याकडे उशीर म्हणजे उष्णता. अर्धवट पिकली तर तिच्यात हिरव्या ढोबळी मिरचीचा वास राहतो. २ एकरांपैकी सव्वा एकर शिराझ आणि उरलेल्या भागात टेम्प्रानिलो, असे मी सुचवेन. टेम्प्रानिलोच्या नावातच स्पॅनिश भाषेतील ‘लवकर’ हा शब्द आहे. ती उष्णता येण्याआधी तयार होते आणि शिराझमध्ये मिसळली असता वाईनला आधार देते. तिचे आम्ल मात्र मुळात कमी असते, म्हणून ती एकटीच लावू नये.

वडिलांना आणि आपल्या मजुरांना सर्वांत जड जाईल ते उत्पादनाविषयी. थॉमसनमध्ये आपण जीए (मणी वाढवणारे संजीवक) देतो, विरळणी करतो, गर्डलिंग (सालीचा गोल पट्टा काढणे) करतो. सारा प्रयत्न मणी लांब व फुगीर करण्याचा असतो. रेड वाईनला लहान मणी हवा, कारण मणी जितका लहान तितके रसाच्या प्रमाणात सालीचे वजन अधिक, आणि सालीतच रंग व सुगंध आहे. जीए अजिबात द्यायचे नाही. एकरी ८ ते १० टन काढणाऱ्या हाताला एकरी ३ टनांवर थांबणे पटत नाही, पण उत्तम दर्जासाठी तेथेच थांबावे. एका काडीवर दोन घड आले तर, फूट अशक्त असल्यास, एक काढावा. आणि रंग भरताना जे घड मागे राहिले, ज्यांत निम्मे मणी हिरवे आहेत, ते निर्दयपणे जमिनीवर टाकावेत. माझ्या बागेत पहिल्यांदा हे केले तेव्हा काम करणाऱ्या बायका थांबून राहिल्या होत्या, कारण पोसलेला घड कापून टाकणे त्यांच्या हाताला शक्य होत नव्हते. मी त्यांना पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांचा रस चाखायला दिला. त्यानंतर कोणते घड टाकायचे हे त्याच मला दाखवू लागल्या.

वेलाला व्हीएसपी पद्धतीचे वळण द्यावे, म्हणजे फुटी उभ्या तारांत सरळ बसतात आणि घड एका उंचीवर राहतात. पाणी उतरल्यानंतर ठिबकचे पाणी कमी करावे, पण पूर्ण तोडू नये. पाने गळेपर्यंत ताण दिला तर साखर वाढलेली दिसते, कारण मणी सुकतो. पिकणे मात्र पान जिवंत असेल तरच घडते. ही चूक नवा बागायतदार हमखास करतो, आणि ब्रिक्सचा आकडा पाहून खूश होतो.

काढणीचा निर्णय ब्रिक्सवर सोडू नये. जानेवारीच्या शेवटापासून दर तीन दिवसांनी सकाळी बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून, घडाच्या वरून, मधून आणि टोकाकडून, सावलीच्या व उन्हाच्या दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २०० मणी गोळा करावेत. निम्म्यांचा रस काढून ब्रिक्स, पीएच आणि आम्ल मोजावे. उरलेले एक एक करून खावेत. साल चावल्यावर ती चामट लागते की विरघळते, थुंकल्यावर तळहातावर रंग उतरतो का, बी तपकिरी झाले आहे का आणि दाताखाली भाजलेल्या शेंगदाण्यासारखे कुरकुरीत फुटते का, हे पाहावे. शिराझ २३.५ ते २४.५ ब्रिक्स, पीएच ३.६ च्या आत आणि बी तपकिरी, अशा स्थितीत आली तर त्या दिवशी इतर कोणतेही काम ठेवू नये. सर्व गोष्टी एकदम जुळल्या असे क्वचितच घडते. तेव्हा आपल्याला निवड करावी लागते, आणि माझा कल नेहमी बी पक्व होण्याकडे असतो. आम्ल थोडे कमी पडले तर आंबवण्याआधी टार्टारिक आम्ल लिटरला एक-दोन ग्रॅम घालून दुरुस्त करता येते, कच्चे बी मात्र कशानेही दुरुस्त होत नाही.

काढणी पहाटे डोक्याला दिवे लावून सुरू करावी आणि ऊन चढण्याआधी संपवावी. क्रेटमध्ये १२-१५ किलोच्या वर भरू नये, नाहीतर खालचे घड चेंगरतात आणि रस वाटेतच आंबू लागतो. एकाच दिवशी सारी बाग उरकण्याचा हट्ट नको. वरचा तुकडा आधी पिकतो, खालचा चार दिवसांनी. प्रत्येक तुकडा वेगळ्या टाकीत आंबवावा आणि पुढे चव पाहून मिसळावा.

वाईनरीच्या कामातील दोनच गोष्टींवर मी येथे थांबतो, कारण आपल्या हवेत त्याच घात करतात. पहिली तापमानाची. रेड वाईन २४ ते २८ अंशांत आंबवावी. आंबताना रस स्वतः उष्णता सोडतो. फेब्रुवारीच्या दुपारी शेडमधील टाकी पाहता पाहता ३३-३४ अंशांवर जाते, यीस्ट थकते, साखर अर्धवट राहते, आणि मग व्हिनेगरकडे जाणारी वाट मोकळी होते. त्यामुळे चिलर आणि जनरेटर हा खर्च ऐच्छिक नाही. वर येणारा सालींचा थर दिवसातून तीन वेळा हाताने हळूच खाली दाबावा; आपल्या प्रमाणात पंपाची गरज नाही, आणि हाताने केलेल्या कामात बी फुटत नाही.

दुसरी गोष्ट पीएचची, जिचा उल्लेख मी खुंटाच्या संदर्भात केला. वाईन टिकवण्यासाठी सल्फर डायऑक्साईड वापरतात, पण त्यातील जंतूंना रोखणारा भाग पीएचवर अवलंबून असतो. पीएच ३.५ असेल तर मुक्त सल्फर २५ पीपीएम ठेवल्याने जे संरक्षण मिळते, तेच पीएच ३.८ ला मिळवायचे तर जवळपास ५० पीपीएम लागते. एवढे सल्फर घातले तर वाईन निस्तेज होते. नाही घातले तर पिंपात ब्रेटानोमायसिस नावाचे यीस्ट वाढते आणि वाईनला तबेल्याचा वास येतो. बागेत पोटॅशचा डोस देताना याचा विचार कोणी करत नाही. आपण करावा, आणि पान-देठ परीक्षणाशिवाय थॉमसनच्या सवयीने पोटॅश टाकू नये.

ओकच्या पिंपांविषयी तरुणांना फार आकर्षण असते. २२५ लिटरच्या एका पिंपात ३०० बाटल्यांची वाईन मावते, आणि फ्रेंच ओकचे नवे पिंप आयात करून आणले तर त्याची किंमत लाखाच्या घरात जाते. म्हणजे बाटलीमागे तीनशे रुपयांहून अधिक खर्च केवळ लाकडाचा. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या वेलांची वाईन हा भार पेलू शकत नाही. तिच्यावर ओकची व्हॅनिला आणि धूर यांचीच चव चढते. सुरुवातीला वाईन स्टीलच्या टाकीत ठेवावी, एखाद्या वाईनरीकडून दोन-तीन वेळा वापरलेली पण स्वच्छ पिंपे मिळाली तर घ्यावीत, आणि बाग पाच-सहा वर्षांची झाल्यावर एक तृतीयांश नव्या लाकडाचा विचार करावा. पिंपांची खोली १५ ते १८ अंशांवर राहिली पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंश असताना ते राखण्याचे वीजबिल आधीच मांडून ठेवावे.

यावरून पैशाचा हिशेब निघतो. २ एकर, एकरी ३ टन, म्हणजे ६ टन द्राक्षे. टनाला साधारण ६५० लिटर धरले तर ३,९०० लिटर, म्हणजे सुमारे ५,२०० बाटल्या. एवढ्यासाठी स्वतःची वाईनरी, परवाने, चिलर, थंड खोली आणि बाटलीबंद करण्याचे यंत्र उभे करणे पहिल्या दिवशी परवडत नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, अनेकांनी उत्साहाने बागा लावल्या आणि वाईनऱ्या बांधल्या. २००८ च्या मंदीनंतर मागणी घसरली, माल पडून राहिला, आणि शेतकऱ्यांना वाईनच्या द्राक्षांच्या बागा तोडाव्या लागल्या. माझ्या ओळखीच्या बागायतदारांपैकी ज्यांची साऱ्या जमिनीवर वाईनची द्राक्षे होती, ते त्यात बुडाले. ज्यांच्याकडे खाण्याच्या द्राक्षांची बाग सोबत होती, ते तगले. म्हणून वडिलांचा विरोध मला अवाजवी वाटत नाही. खालची ३ एकर थॉमसन त्यांनी मुळीच मोडू नये. वरच्या २ एकरांची द्राक्षे पहिली काही वर्षे परवाना असलेल्या जवळच्या वाईनरीत भाड्याच्या टाकीत आंबवून घ्यावीत. तसा करार लेखी असावा, आपली टाकी वेगळी राहील आणि प्रत्येक निर्णयाच्या वेळी आपण उपस्थित असाल, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यांचे काम जाणकाराकडे सोपवावे आणि त्याआधी एकही थेंब आंबवू नये.

आपल्या घरी आजी माळकरी आहेत आणि त्यांना हे रुचणार नाही, असेही आपण लिहिले आहे. याचे तांत्रिक उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या घरीही हा प्रश्न होता. काम लपवून करू नये. त्यांना बागेत नेऊन सर्व सांगावे, आणि त्यांची संमती मिळेपर्यंत वाईन घराच्या आवारात आणू नये. भाड्याच्या टाकीचा हाही एक उपयोग आहे.

वेळेचा अंदाज शेवटी देतो, कारण धाकट्या भावाने दोन वर्षांत बाटली हातात येईल असे गृहीत धरलेले दिसते. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत खुंटरोपे लावावीत आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांवर कलम करावे. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत रिकट घेऊन, म्हणजे कलमाची फूट पुन्हा खाली छाटून, खोड आणि ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या) तयार करावेत. ओलांडे नीट भरले, काडी पक्व झाली, तर त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर पहिली फळछाटणी करता येईल आणि तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत थोडा माल येईल. तो माल हात बसवण्यासाठी वापरावा; त्याच्या वाईनवर आपल्या घराचे नाव घालू नये. चौथ्या-पाचव्या वर्षीच्या काढणीत वेल काय देऊ शकतो हे दिसू लागेल, आणि ती वाईन वर्षभर पिंपात व सहा-आठ महिने बाटलीत ठेवली तर विकण्याजोगी पहिली बाटली सहाव्या वर्षाच्या शेवटी येईल. तोवर दोन हंगामांचा माल विकल्याशिवाय पडून असेल, आणि घरचा खर्च खालची ३ एकर चालवेल.

या वर्षी रोपे आणू नका. पावसाळ्याआधी वरच्या तुकड्यात तीन ठिकाणी तीन-तीन फूट खड्डे घेऊन मुरूम कोठे लागतो आणि चुनखडी आहे का ते पाहा, विहिरीच्या पाण्याचा अहवाल मे महिन्यात, पाणी सर्वांत कमी असताना, काढून घ्या. नोव्हेंबर ते मार्च या काळात त्या तुकड्यात कमाल-किमान तापमान नोंदवणारा एक साधा मापक लावून रोजची वही ठेवा. ती वही आणि दोन्ही अहवाल घेऊन पुढच्या एप्रिलमध्ये आपण दोघे भाऊ आणि वडील मिळून माझ्या बागेत या. छाटणीच्या कोणत्या तारखा आपल्या तुकड्याला चालतील, हे तेव्हा मला नेमके सांगता येईल.